सांडूमामांची हाक

सांडूमामा कुणाशीही बोलण्याआधी दोनदा फुंकर मारत. माइक तपासण्याची जुनी सवय. किराणा दुकानात साखर मागतानाही आधी फू-फू, मग साखर.

केदारखेड्याचे हे लाउडस्पीकरवाले. भोकरदन-जाफराबादकडच्या लग्नांत कर्णे त्यांचे आणि पंगतीची हाकही त्यांचीच. पानं वाढून झाली की गाणं कुठंही असो, बंद. "पाव्हणे मंडळी, बसून घ्या! गाणं कुठं पळून जात न्हाई, वरण गार होऊन राह्यलंय!"

पुढे गाड्यांवरचे डीजे आले आणि मामांची लग्नांची कामं सुटत गेली. त्यांनी स्पीकरचे मोठे बॉक्स घेतले, तरी बोलावणी येईनात. त्याच सुमारास माझ्या भाच्याने, विक्रांतने, मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी जालन्याबाहेरच्या आमराईत इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव ठरवला. व्यवस्था माझ्याकडे होती. मी मामांचं नाव सुचवलं.

"ताई, हे दोन दिस बराबर गेले तर शहराचं काम लागंल," मामा म्हणाले. "न्हाई तर कर्णे माळ्यावर, अन् मी बी माळ्यावर."

माझी यादी तयार होती: टँकर, ताडपत्र्या, मीठ-साखरेचं पाणी, आचारी, एक वाजता जेवण. विक्रांतने मामांना एकच गोष्ट बजावली, "काही झालं तरी संगीत थांबवायचं नाही."

शनिवारी सकाळी वाजायला सुरुवात झाली. पाऊण तासाने मामा माझ्याकडे आले. फू-फू.

"ताई, गाणारा कवा येणार?"

"गाणारा नाही मामा. ते यंत्रावरच वाजवतात."

"मंग हे नाचून काय राह्यले? मुखडाच आला न्हाई अजून!"

एक वाजला. वरण-भात तयार, पत्रावळ्या मांडलेल्या आणि जेवायला एकही माणूस नाही. सगळे उन्हात नाचत होते. मी हाका मारल्या, पण त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. दीड वाजता एक मुलगी भोवळ येऊन खाली बसली. तिला सावलीत आणून पाणी पाजलं. तिच्या शेजारचे नाचतच होते.

मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या नव्या बॉक्सकडे. मग डीजेच्या यंत्राची वायर उपटली.

आमराई चिडीचूप. आणि मग माइकवर फू-फू. "पाव्हणे मंडळी, बसून घ्या! वरण गार होऊन राह्यलंय!"

विक्रांत धावत आला. "मामा, काय केलंत हे? लावा ती वायर!"

"लावतो की. आधी जेव."

कुणीतरी हसलं, कुणीतरी मांडी घातली आणि बघता बघता चार रांगा झाल्या. डीजे तावातावाने आला आणि तिसऱ्यांदा वरण मागून उठला. मामा वाढप्याला म्हणाले, "वाढ त्याला. सकाळपासून बटणं दाबून दमलंय लेकरू."

पुढच्या वर्षी आवाजाचं काम शहरातल्या माणसाला गेलं. विक्रांत मात्र स्वतः केदारखेड्याला जाऊन आला. "मामा, एक कर्णा घेऊन या. फक्त जेवायला बोलवायला." मामा आले आणि चार उन्हाळे येत राहिले. माझ्या यादीत आचाऱ्याच्या वर त्यांचं नाव असे.

त्यांच्या तेराव्याला मी आणि विक्रांत केदारखेड्याला गेलो. पानं वाढून झाली होती आणि माणसं मांडवाच्या कडेला अवघडून उभी होती. कुणाला कळेना, बसायचं कधी. विक्रांत माझ्याकडे बघू लागला. मी पुढे झाले, दोनदा फुंकर मारली आणि म्हणाले, "मंडळी, बसून घ्या. वरण गार होऊन राह्यलंय."

सगळे बसले.