खालून वर वाचायचा कागद

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी सोलापुरात पोलीस निरीक्षक होतो. जाहिरात कंपनीचा एक मालक तक्रार घेऊन आला. इंटरनेटवर त्याची एक व्हिडिओ जाहिरात गाजत होती. ती बघताना पडद्यावरच्या चादरीला बोट लावलं की नक्षी बदलायची आणि पुढची गोष्टही बदलायची. ही तऱ्हा आपणच शोधली, आणि नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीनं आपले मूळ आराखडे चोरून दुसऱ्या कंपनीत स्वतःच्या नावावर खपवले, असं त्याचं म्हणणं. माणूस वजनदार. वरून फोनही आला. मी गुन्हा दाखल केला आणि मुलीला तिच्या नव्या ऑफिसातून सगळ्यांदेखत जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. आराखड्यांचे कागद पंचनामा करून जप्त केले.

मुलगी तेलुगू विणकर घरातली. जबाबात एकच वाक्य धरून बसली, "सर, हे मी काढलंय." मी तिच्यावर ओरडलो. चोर असंच बोलतात, असं मला वाटायचं. तो अनुभव नव्हता, माज होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगेना. "सायेब, मी मालकाच्याच हापिसात हाय. त्यांना तो कागद तुमच्यासमोर वाचायला लावा की." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मालकाला बोलावून जप्त आराखड्यातला एक कागद पुढे ठेवला. आखीव चौकोन, चौकोनांत बारीक चित्रं, शब्द एकही नाही. तो वरच्या ओळीपासून सांगू लागला. "ग्राहक चादर पांघरून झोपलाय. मग चादर घेऊन घरी येतोय. मग दुकानात नक्षी..." तो अडखळला.

"आधी झोपतो आणि मग विकत घेतो?" मी विचारलं.

"तीच तर कल्पना आहे, साहेब." निर्लज्जपणाची हद्द झाली.

मग मुलीला आत घेतलं. तिनं सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर सरकवत नेलं. दुकान, घर, झोप. "वडील जेकार्ड मागावर विणायच्या नक्षीचे ग्राफ काढतेत, सर. कापड खालनं वर विणत जातंय, म्हणून ग्राफबी खालनंच वाचायचा असतोय. मला तीच सवय लागली की."

मालकाचा चेहरा उतरला. तक्रार खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. पण त्याला झालं काय? 'गैरसमज झाला' असं लिहून देऊन तो सुटला, आणि थोड्याच दिवसांत त्याच शोधाबद्दल व्यासपीठावर शाल पांघरून बसला. टाळ्या वाजवणाऱ्यांचाही मला संताप येतो.

मुलीची नोकरी मात्र गेली होती. न्यायालयाच्या आदेशानं कागद परत न्यायला आली, तेव्हा म्हणाली, "सर, मी चोर नाही, एवढं त्या ऑफिसला लिहून देताव का?"

"तसं पत्र द्यायची पद्धत नाही," मी म्हणालो. तिनं कागद घेतले आणि पोचपावतीवर सही केली.

संशय आला की आम्ही माणसाला आणायला स्वतः जातो. तो निर्दोष ठरला की ते सांगायला कुणी जात नाही, हे मी तिच्याकडून शिकलो. ते ऑफिस ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.