सहीच्या फायलीतला राजीनामा

तुर्भ्याच्या एका रंगाच्या कंपनीत मी स्टेनो होते, आणि ती कंपनी माझ्या जिवावर चालते अशी माझी पक्की समजूत होती. खाली कारखान्यात माणसं घामाघूम होऊन रंग बनवत. मला मात्र वाटे, की मी वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून टायपरायटर बडवला नाही, तर महाराष्ट्रातल्या निम्म्या भिंती बिनरंगाच्या राहतील. वय बत्तीस. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि चालण्यात अशी घाई की जणू पुढच्या टेबलावर कुणाचा तरी जीव अडकला आहे. आज अशी बाई माझ्यासमोर आली तर मी आधी तिला बसवीन, पाणी देईन आणि मग पोटभर हसेन.

समजुतीला थोडा आधारही होता म्हणा. आमचे साहेब, म्हणजे फॅक्टरीचे मॅनेजर, स्वभावाने चांगले, पण पत्र लिहायचं म्हटलं की त्यांची वाचा बसे. मला आत बोलवत. मी शॉर्टहँडची वही उघडे. ते छताकडे बघत म्हणत, "लिहा. डिअर सर." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. शेवटी, "पुढचं तुम्हाला माहितीच आहे, बाई."

सहा वर्षं मला पुढचं माहीत होतं. पत्र मी रचायची, खाली 'आपला विश्वासू' लिहून सहीपुरती जागा सोडायची आणि त्याखाली त्यांचा हुद्दा टाइप करायची. चार वाजता दिवसाची सगळी पत्रं सहीच्या फायलीत घालून त्यांच्यापुढे ठेवायची. ते फोनवर बोलता बोलता पानं उलटत आणि सह्या ठोकत. वाचत नसत.

आमच्या कंपनीला पाइपाचे क्लॅम्प पुरवणारे एक कारखानदार जवळच्याच पावणे गावात होते. मूळचे तिथलेच. जिथे बापाची भातशेती होती तिथेच आता त्यांचा गाळा होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते एक कोटेशन टाइप करून घ्यायला आले. मी त्यातलं त्यांचं इंग्रजी सरळ फेकून दिलं आणि नवं लिहिलं. पंधरा दिवसांनी ते पेढे घेऊन हजर.

"बाय, तुज्या कागदावर ऑर्डर आली. आमी लिवतो त्या कोन वाचतंच नाय."

ही बातमी पावण्यात पसरली. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कारखानदारांची रांगच लागायला लागली. कुणाला टेंडर भरायचंय, कुणाला मशीन बिघडल्याचं कळवायचंय, एकाला तर मुलीसाठी आलेल्या स्थळाला इंग्रजीत नकार कळवायचा होता. मी डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने जगाचे व्यवहार सांभाळायची.

एक दिवस क्लॅम्पवाले म्हणाले, "बाय, तू दुकान टाक. आमच्या गाल्याचा वरचा माला रिकामा हाय. मशीन आन नि बस. पन या म्हयन्यान सांग. नायतर चायवाला मागं लागलाय, त्याला देतो."

झालं. महिनाभर माझी झोप उडाली. कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून स्वतःचं टायपिंगचं दुकान काढायचं की नाही? महिना संपेपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आम्ही तेव्हा नेरूळला राहत होतो. इमारती कमी आणि जमिनीत ठोकलेल्या मोजणीच्या खुंट्या जास्त, असं नेरूळ. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

"मी धंदा करावा म्हणते."

सासूबाईंनी आमटीचा डाव तसाच भांड्यात सोडला. आधी खिडकी लावली, मग बोलल्या. "अगं, हळू. शेजारी कान लावून ऐकतात. धंदा काय म्हणतेस? व्यवसाय म्हण."

"व्यवसाय डॉक्टर करतात, आई."

"मग तू काही म्हणूच नकोस. कुणी विचारलं तर सांगू, घरीच असते."

यांनी एकच शब्द धरला. "पर्मनंट आहेस तू. पर्मनंट." हे स्वतः सरकारी कचेरीत होते आणि 'पर्मनंट' हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारत. "कंपनीची बस आहे, कँटीन आहे, दिवाळीला मिठाईचा डबा आहे. पावण्यात काय आहे?"

"माळा आहे," मी म्हणाले. हे माझं एकमेव उत्तर होतं.

सोमवारी मी दुकान काढायची आणि बुधवारी पर्मनंट व्हायची. गुरुवारी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी असे, म्हणून गुरुवारी सोडायचा विचार येतच नसे. दरम्यान राजीनाम्याचे मसुदे मात्र जोरात चालले होते. पहिल्यात मी कंपनीचे आभार इतके मानले की राजीनामा कुठे आहे ते मलाच सापडेना. दुसरा वाचून मला रडू आलं. सातवा उत्तम होता. 'गेली सहा वर्षे या कंपनीत मला पुष्कळ शिकायला मिळाले. तथापि सासूबाईंचे वय आणि घरच्या जबाबदाऱ्या पाहता, पावणे येथे स्वतःचा टंकलेखनाचा व्यवसाय सुरू करण्याची माझी इच्छा आहे.' अशा अर्थाचं, पण झोकदार इंग्रजीत. आमच्याकडे राजीनामा मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या डायरेक्टरांच्या नावे लिहायचा आणि साहेबांमार्फत पाठवायचा, असा नियम होता. मी तो नियम पाळला. स्वच्छ टाइप केला, कार्बन कॉपी ठेवली, आणि हिंमत गोळा करून चार वाजता सहीच्या फायलीत सगळ्यात शेवटी घातला.

माझा बेत असा. साहेब शेवटच्या पानाशी येतील, थबकतील, चष्मा काढतील. म्हणतील, "बाई, हे काय?" मी खाली मान घालीन. ते म्हणतील, तुमच्याशिवाय कसं चालणार. मग बघू. खरं सांगायचं तर त्यांनी जरा आग्रह केला असता तर मी तिथल्या तिथे राहिले असते. माझं सगळं धाडस त्यांच्या त्या थबकण्यावर टांगलेलं होतं.

साहेब फोनवर कुणाशी तरी ट्रकबद्दल भांडत होते. पानं उलटली, सह्या ठोकल्या, शेवटच्या पानावरही ठोकली, फाइल माझ्याकडे सरकवली. "डिस्पॅचला द्या."

मी बाहेर आले ती फणफणत. सहा वर्षं मरमर मेले आणि माणसाने मान वर केली नाही. सही करून मोकळा झाला. ठीक आहे, म्हटलं, नाही गरज तर नाही. सगळं टपाल डिस्पॅचला दिलं आणि घरी जाऊन यांना म्हणाले, "दिला." हे आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी असं वागले जणू मला ताप आला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीतून साहेबांना फोन आला. काचेच्या दारातून मला दिसलं, साहेब उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग दार उघडून ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. एरवी ते बेल वाजवत.

"बाई," ते म्हणाले, "मी राजीनामा दिलाय का?"

मी म्हणाले, "नाही हो साहेब."

"डायरेक्टर म्हणतात दिलाय. सासूबाईंचं वय झालं म्हणून. आणि पावण्यात टायपिंगचं दुकान काढतोय म्हणे मी. त्यांनी विचारलं, टायपिंग येतं का तुम्हाला."

मी खणातून कार्बन कॉपी काढली आणि शेवटच्या ओळीवर नजर गेली. 'आपला विश्वासू.' सहीपुरती जागा, नेहमीसारखी साहेबांसाठी कोरी सोडलेली. आणि त्याखाली, सहा वर्षांच्या सवयीने, माझ्या दहा बोटांनी मला न विचारता टाइप केलेलं: फॅक्टरी मॅनेजर.

माझं नाव त्या पत्रात कुठेही नव्हतं.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या समोरच्या खुर्चीत, जिथे कारखानदार बसत तिथे, बसले आणि म्हणाले, "मग आता माझा राजीनामा मागे घ्यायला पाहिजे ना. लिहा. डिअर सर." मग पंख्याचा आवाज. पुढचं मला माहितीच होतं.

ते पत्र मी जीव ओतून लिहिलं. खरा प्रकार सरळ सांगितला, चूक माझी म्हणून कबूल केली. मग साहेबांच्या वतीने लिहिलं की कंपनी सोडण्याचा विचार स्वप्नातही नाही, स्थैर्य किती मोलाचं असतं, आपली जागा माणसाने कशी सांभाळावी. लिहिता लिहिता मलाच ते इतकं पटत गेलं की दुकानाचं खूळ डोक्यातून जवळजवळ गेलं. पान मशीनमधून काढलं आणि खाली बघितलं. पुन्हा तोच हुद्दा. या वेळी तो बरोबर होता. पण आयुष्यात लिहिलेल्या माझ्या सगळ्यात चांगल्या दोन पत्रांपैकी एकावरही माझी सही नव्हती, आणि एवढं सुंदर लिहून मी ज्याची जागा वाचवली ते साहेब होते.

साहेब म्हणाले, "झालं गेलं विसरा, बाई. तुम्ही राहा. मी कुणाला काही बोलणार नाही." ज्या आग्रहाची मी तीन दिवसांपूर्वी वाट बघत होते, तो हा असा आला.

मी नवीन कागद घेतला आणि या वेळी मशीनला हात लावला नाही. आधी खाली सही केली, माझी. मग वरती तीन ओळी हाताने लिहिल्या. सासूबाईंना त्यातून वगळलं.

साहेबांनी तो कागद हातात घेतला आणि वाचला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मग परत पहिल्यापासून वाचला. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना काही वाचताना बघत होते.

"नीट विचार केलाय ना?"

"नाही," मी म्हणाले. "महिनाभर तेच करत होते, त्यातून काही निघालं नाही."

त्यांनी मार्फत म्हणून कोपऱ्यात सही केली आणि माझा कागद स्वतः डिस्पॅचला नेऊन दिला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मी पावण्याला उतरले. क्लॅम्पवाले मशीनवर होते. माळा मला हवा म्हणून सांगितलं. त्यांनी हात पुसले, खिशातून जुनं बिल काढलं, उलटं केलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"बोर्ड रंगवाया टाकतो. नाव लिव. नि खाली काय लिवाचा त्या पन लिव."

नाव लिहिलं. खाली काय लिहायचं यावर मी इतका वेळ थांबले की त्यांनी मशीन बंद केलं.

"मालकीन लिव ना, बाय," ते म्हणाले. "आनखी कोन हाय तिथं?"