एक काळी, एक तपकिरी

माझा जुना मित्र शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या माझ्या फरशीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. फोन त्याच्या मुलीचा, केतकीचा. "काका, बाबा गेले," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "डॉक्टर ट्रॅव्हलला नो म्हणाले होते. तरी तुम्ही नेलंत." फोन बंद झाला. गिऱ्हाइकाला मी त्याच्या भावात माल देऊन टाकला... आयुष्यात पहिल्यांदा.

शोकसभेतही तीच कुजबूज. हृदय थकलेल्या माणसाला लाओसला कोण नेतं? मी नेतो. हे लिहितोय ते माफी मागायला नाही.

शरद धरणं बांधणारा इंजिनिअर. तरुणपणी कंपनीने त्याला लाओसला पाठवलं, पण व्हिएंतियान ही राजधानी त्याने पाहिली ती गाडीच्या काचेतून. लांबवर एक सोनेरी कळस दिसला आणि ड्रायव्हरने गाडी धरणाकडे वळवली. त्या कळसाबद्दल तो पुढे जन्मभर बोलत राहिला. आजारपणात एका दुपारी मला म्हणाला, "यार, लोकांनी पाठवलं तिथे तिथे गेलो. एकदा मला जायचंय म्हणून जाऊ दे." तिकिटं मी त्याच दिवशी काढली. केतकीला त्याने स्वतः सांगितलं, ती भांडली, तो हटला नाही. पण तिच्या लक्षात राहिलो तो मी.

राजधानी असून तिथे हॉर्न ऐकू येत नाही. संध्याकाळी मेकाँगच्या काठाने माणसं नुसती चालतात. शरदचे पाय सुजून बुटात जाईनात, म्हणून बाजारात चपला घेतल्या, त्याला तपकिरी, मला काळ्या. सुजेमुळे त्याचा नंबर माझ्याएवढाच झाला होता. मी भाव पाडला, तर हा माझी पाठ वळताच विकणाऱ्या बाईला वरचे पैसे देऊन आला. मी भडकलो. "तुझ्या धंद्याची बदनामी झाली का रे?" म्हणाला.

वाट सी साकेत या देवळात भिंतींच्या कोनाड्याकोनाड्यांत छोटे बुद्ध बसलेले. आत शिरण्याआधी बाहेर शरदने आपली गावाकडची युक्ती केली. माझी एक, त्याची एक अशी जोडी इकडे, उरलेली तिकडे. बेजोड चपला चोर नेत नाही. बाहेर येऊन पाहतो तर झाडणाऱ्या आजीबाईंनी दोन्ही जोड्या जुळवून नीट मांडलेल्या. शरद पायरीवर बसून धाप लागेपर्यंत हसला. "आपल्या सिक्युरिटीचं हिने वाटोळं केलं."

पटुसाई ही शहरातली उंच विजयकमान तर, म्हणे, धावपट्टीसाठी आलेल्या सिमेंटातून उभी केलेली. तो जिना चढायला निघाला, मीच दंड धरून खाली बाकावर बसवला. हे मात्र मला कोणी विचारत नाही.

थाट लुआंगचा तो सोनेरी स्तूप शेवटच्या दिवसासाठी राखला होता. शरद समोर उभा राहिला. हळूच म्हणाला, "आता सांग ड्रायव्हरला, वळव म्हणावं गाडी." शेजारच्या देवळाबाहेरही त्याने चपलांची तीच युक्ती केली; निघताना अंधारून आलं होतं, घाईत पाय सरकवले आणि तसंच विमान गाठलं. ह्यूस्टनला विमानतळावर उतरलो तेव्हा दिसलं, दोघांच्याही पायांत एक काळी, एक तपकिरी. "राहू दे," तो म्हणाला, "पुढच्या खेपेला बदलू." त्यानंतर काही महिन्यांनी तो गेला.

शोकसभेला मी तीच जोडी घालून गेलो होतो. परवा केतकीचा फोन आला. "काका, बाबांच्या क्लॉझेटमध्ये एक ब्लॅक चप्पल आहे, ती तुमची ना? बाबांची ब्राउन मला द्या. पेअर ठेवायचीय." मी म्हटलं, "देईन. पण इथे नाही. थाट लुआंगला ये, त्यांनी काय पाहिलं ते बघ, तिथे देतो."

"दॅट्स नॉट फेअर, काका."

"नसेल. पण हाच भाव आहे, कमी होणार नाही."

या वेळी तिने फोन ठेवला नाही... ती तिथे येईल तोवर दुकानात मी तीच जोडी घालतो. गिऱ्हाइकं खाली बघतात. बघोत.