डाळिंबाचा डबा

आज लेकीसाठी डाळिंब सोलताना बोटं लाल झाली आणि नाशिकच्या कोर्टातली मुलांची खोली आठवली. घटस्फोटानंतर बाबांना मला भेटता यायचं ते तिथेच, महिन्यातल्या एका शनिवारी.

पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. सटाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेले बाबा रागावले नाहीत. मुलांच्या बुटक्या खुर्चीत अवघडून बसून ते डाळिंब सोलत राहिले. दाणे डब्यात पडल्याचा तेवढा आवाज येत होता.

निघताना म्हणाले, "दोघी मिळून खा. डबा मात्र पुढच्या वेळी आठवणीने आण."

डब्याचं एवढं काय, असं मला वाटलं.

आई घरात बाबांचं नावही काढू देत नसे. पण पुढच्या भेटीच्या सकाळी घरभर बेसन भाजल्याचा वास सुटला. "कुणाचाही डबा रिकामा परत देऊ नये," असं भिंतीकडे बघत म्हणत तिने त्यात लाडू भरले. ती हे करणार, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं, हे मला आता कळतं.

बाबांनी डबा उघडला, लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग ते घरच्या अहिराणीत म्हणाले, "तुनी मायना हातले चव शे, बाई."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.