चिरेखाणीतले जिताडे

परवा खेडच्या बाजारात पशुखाद्याच्या दुकानावरून जात होते. दुकानदाराने नुकतंच एक पोतं उसवलं होतं, आणि सुक्या जवळ्यासारखा, पण त्याहून तेलकट, किंचित भाजका असा वास रस्त्यापर्यंत आला. माशांच्या खाद्याचा वास. बरोबरच्या मैत्रिणीने नाकाला पदर लावला. मी मात्र तिथेच थबकले. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं या वासात गेली आहेत.

तेव्हा मला नाटे बंदराजवळची शाळा मिळाली होती आणि मी मामाकडे राहत होते. मामाचं आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत गेलेलं. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्या खेपेला घरी आला आणि पडवीत नुसतं बसवेना, म्हणून घरामागच्या जुन्या चिरेखाणीकडे वळला. जांभ्याचे चिरे काढून झाल्यावर उरलेला तो खोल, चौकोनी खड्डा. तांबड्या कापीव भिंतींच्या आत पावसाचं पाणी बारमाही साठलेलं. त्यात त्याने जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आणून सोडली.

जिताडा हा खाडीतला शिकारी. वळवळतं तेच त्याला अन्न वाटतं. खाद्याच्या निर्जीव गोळीकडे तो ढुंकूनही बघत नाही. मामा कुटलेल्या जवळ्यात गोळ्या मिसळायचा आणि हळूहळू जवळा कमी करत न्यायचा. जहाजावरचा निळा बॉयलर सूट घालून तो काठावर उकिडवा बसे, चिमटी चिमटीने खाद्य टाकी आणि पाण्याकडे टक लावून बघत राही. मोठे झालेले मासे धाकट्या भावंडांनाच गिळतात, म्हणून जाळं ओढून त्यांना वेगळं करण्याचा उद्योगही मागे लागलेला असे.

मामी नाट्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. तिला हे सगळं हास्यास्पद वाटे. "काय गो," ती मला मोठ्याने विचारी, म्हणजे मामाला ऐकू जावं, "हे मासे आहेत की कोंबड्या? दाणे टाकून वाढवलेल्या मासळीला चव ती कसली असणार?"

मामा हसे आणि आणखी एक चिमूट टाकी. मग एके दिवशी गोळी पाण्याला टेकते न टेकते तोच टपकन आवाज झाला आणि ती नाहीशी झाली. मामाने मागे वळून पाहिलं, तर मामी कपडे वाळत घालायचं सोडून तिकडेच बघत उभी होती.

मासे हातभर झाले, आणि ऐन वैशाखात कंपनीचा फोन आला. एका जहाजावर माणूस हवा होता. मामा वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामीने मला हलवून उठवलं. रात्रभर आभाळ दाटून कोंदलं होतं, खाणीतलं पाणी आटून निम्म्यावर आलेलं, आणि त्यात सगळे जिताडे तोंडं वर काढून धापा टाकत होते. "गुदमरतायत गो," मामी म्हणाली, "पंप लाव." विहिरीवरचा पंप मी सुरू केला. मामीने पदर खोचला आणि नळी उंच धरून पाण्याची धार वरून सोडत राहिली. ऊन वर आलं तेव्हा एकेक मासा खाली जाऊ लागला. काही मेले, बहुतेक वाचले. मामी नखशिखान्त भिजलेली, तशीच काठावर बसून राहिली.

संध्याकाळी मामा आला. तपासणीत पास झाला होता. मामीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "जायचं तर जा. पण हे तुमचं लटांबर बरोबर न्या. माझ्याने पुन्हा एकटीने निभायचं नाही."

मामाने चहा संपवला. मग उठून फोन लावला आणि "येत नाही" एवढंच सांगितलं.

गणपती गेल्यावर पहिला मोठा जिताडा घरात शिजला. मामीने पहिला घास सावकाश खाल्ला, काटा बाजूला काढला, म्हणाली, "बरा आहे." आणि स्वतःच्या ताटात आणखी एक तुकडा वाढून घेतला.

आता मामाचे गुडघे धरतात, त्यामुळे खाद्य मामीच टाकते. तो शेजारी खुर्ची टाकून बसतो. बोलणं फारसं होत नाही. जन्मभराच्या दुराव्याने त्यांची ती सवयच मोडलेली. समुद्रावर गेलेली वर्षं कुणी परत आणून देत नाही. पण उरलेल्या संध्याकाळी दोघांना एकाच पाण्याकडे बघत बसता येतं, आणि तेवढं त्यांना पुरतं, असं तिथून निघताना मला दर वेळी वाटतं.