ऑक्टोबरात मरणारा कॉम्प्युटर

२०२५ साल. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वर्षीच्या पोळ्याला आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची तिरडी बांधायला गाव निघालं होतं. कॉम्प्युटर चालू होता. पंखा फिरून राहिला होता, कागद छापून राहिला होता. पण गावाला घाई. जित्या माणसाची तेरवी जेवायला बसेल असं आमचं गाव.

मी चौथी नापास आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी शोधून काढलं असा आव आणायला नको. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात, त्यात कोणते हुशार लोक बसतात मला माहीत नाही. पण खाली धानात उभा राहणारा माणूस मूर्खच असतो, असं काही लिहून ठेवलेलं नाही.

तो कॉम्प्युटर माझ्या थोरल्यानं गोंदियातून आणला होता. कोणीतरी वापरून सोडलेला. मोपेडच्या मागे, वाकळीत गुंडाळून, लेकराला आणावं तसा. रस्त्याकडच्या छपरीत टेबल टाकून त्यानं सेंटर सुरू केलं. सातबारा काढून देणं, पोलीस भरतीचे फॉर्म, धान खरेदीची नोंदणी, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे अंगठे. पुढं थोरला तापात गेला. तेराव्या दिवसानंतर सून त्या खुर्चीवर जाऊन बसली. बारावी झालेली पोरगी. लोक म्हणाले, विधवा बाई रस्त्याकडं तोंड करून बसते. मी म्हटलं, मग तुमचे फॉर्म रस्त्याकडं पाठ करून भरायचे का तिनं? त्यानंतर तेच लोक रांगेत उभे राहायला लागले. गावाची लाज रांगेपुरतीच असते.

धाकटा गोंदियात कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला. तिथं राहून त्याची जीभ हिंदी झाली आणि पँट आखूड झाली. त्याला आमची छपरी पाहिजे होती, मोबाईलचं दुकान टाकायला. सरळ मागायची हिंमत नव्हती. मग त्याला ही बातमी सापडली.

उन्हाळा सरता सरता कॉम्प्युटरच्या काचेवर कोपऱ्यात एक चौकोन उठायला लागला होता. इंग्रजी. सुनेनं वाचून दाखवला. आतली जी विंडोज आहे दहा नंबरची, तिला कंपनी ऑक्टोबरपासून विचारणार नाही. अकरा नंबरची घ्या म्हणे. आणि अकरा नंबरची ह्या डब्यात बसत नाही म्हणे, डबा जुना आहे. म्हणजे पाहुणा जाड झाला म्हणून घराचं दार पाडायचं.

मी काय केलं, कॅलेंडरचा एक तुकडा फाडला, भाताचं शीत लावलं आणि तो चौकोन उठायचा त्या जागेवर चिकटवून दिला. दिसणं बंद. सुनेनं हसून तो काढला. मी पुन्हा लावला. तिनं पुन्हा काढला.

"मामाजी, चौकोन झाकला म्हणून ऑक्टोबर यायचा थांबते का?"

"येऊ दे ना. आपल्याले काय. चालून राहिला ना तो?"

"चालून राहिला," ती म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. ती पोरगी गप्प बसली की काहीतरी करून राहिली असते.

धाकट्यानं मात्र गावभर सांगितलं की वहिनीचा कॉम्प्युटर ऑक्टोबरात बंद पडणार. आमच्या गावात बातमी पानठेल्यावर जाते आणि तिथून लग्न होऊन परत येते. चार घरं फिरेपर्यंत ती अशी झाली की कॉम्प्युटर मरणार आणि त्याच्यासोबत आतलं सगळं जाणार. मग लोक यायला लागले. आजारी माणसाला भेटायला येतात तसे. दारातूनच वाकून बघायचे, आवाज उतरवून विचारायचे, "कसा आहे आता?" एक जण म्हणाला, माझं राशन कार्ड त्याच्यात आहे ते काढून दे. त्याचं राशन कार्ड त्याच्या घरी पेटीत होतं, इथं त्याचा फक्त फोटो. पण समजावणार कोणाला. दुसरा आपली जमीन परत मागायला आला. मी म्हटलं, घेऊन जा बावा, खुर्चीखाली ठेवली आहे बघ. तो खरंच वाकला.

हसण्यासारखं होतं, पण नवीन काम कोणी आणत नव्हतं. मरणाऱ्याच्या हाती कोण देणार? सगळे शेजारच्या गावच्या सेंटरवर जाऊन राहिले होते. सून दिवसभर रिकाम्या छपरीत बसायची. धाकट्यानं फोनवर मला सांगितलं, "बाबा, वहिनीले म्हणा, धानाच्या रोवन्याले जात होत्या आधी, तसं जावं. शरम कायची?" मी फोन ठेवून दिला. दुसऱ्याच्या बायकोनं चिखलात वाकावं, असं सांगणाऱ्याला शरम कायची म्हणायला काय जातं.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच तो आला. मोटरसायकलवर मागे एक लांब गुंडाळी बांधलेली. आमच्याकडं पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद निघते, फांद्या, जुने झाडू, फुटकी सुपं, घरातली सगळी पीडा घेऊन ती गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. पोट्टे ओरडत जातात, खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे नारबोद. धाकट्यानं आल्याबरोबर चौकात पोट्ट्यांना सांगून टाकलं की यंदा आमच्या घरचा जुना डबा पण द्यायचा आहे. दुपारपर्यंत पोट्ट्यांनी गाणं बसवलं. जुना कॉम्प्युटर घेऊन जा गे नारबोद. आमच्याच अंगणासमोरून म्हणत गेले.

धाकट्यानं ती गुंडाळी छपरीत उलगडली. फ्लेक्स होता. मोबाईल दुकानाचं नाव, आणि एका बाजूला हा स्वतः, हात जोडून, निवडणुकीला उभा असल्यासारखा. चेहरा एवढा गोरा केलेला की मी आधी ओळखलाच नाही.

"हा कोन आहे?" मी विचारलं.

"मीच आहे ना बाबा."

"मग आजारी आहेस का?"

सून हसली. त्याला ते लागलं. तो म्हणाला, "हसा वहिनी. पर सच बताता हूँ, ऑक्टोबरनंतर ह्याच्यावर लोकांचे आधार आन् बँक चालवाल तर कोनी चोर घुसन. कंपनी भोकं बुजवाचं बंद करून राहिली. मंग लोकं तुमालेच धरतीन."

मला वाटलं आता ही त्याला झाडेल. मी तयारीत होतो, तिच्या बाजूनं बोलायला. पण ती म्हणाली, "बरोबर आहे भाऊजी."

मला रागच आला. इतके दिवस मी हिच्यासाठी कॅलेंडरं फाडून राहिलो होतो, आणि ही त्याच्या पंगतीत जाऊन बसली. मी म्हटलं, "काऊन? बरोबर कसा? काल चालला, आज चालते, उद्या चालन."

"चालन मामाजी. पर दाराले कडी नाही राहनार. आपलं घर असतं तर मी तसंच झोपली असती. हे लोकांचं सामान आहे."

"पहा," धाकटा म्हणाला. "मी तेच म्हणून राहिलो. टाका नारबोदले."

"घर कायले टाकाचं?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "कडी बदलवाची."

तिनं पदराच्या गाठीतून एक पेनड्राईव्ह काढला. माझी म्हातारी तिथं सुपारी ठेवायची. तर त्या पेनड्राईव्हात दुसरी सिस्टीम होती, लिनक्स म्हणतात, फुकटची, जुन्या डब्यांवर चालणारी, आणि तिची भोकं बुजवणारे लोक अजून बुजवतात. ग्राहक येत नव्हते त्या दिवसांत ही बाई मोबाईलवर पाहून पाहून शिकली होती. आधी पेनड्राईव्हवरूनच चालवून पाहिली, छपाईची मशीन ओळखते का, मराठी लिहिता येते का. लोकांचे कागद वेगळ्या हार्डडिस्कच्या डब्बीत उतरवून ठेवले होते. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काऊन नाही सांगितलं? म्हणाली, तुमी त्याच्यावरही कॅलेंडर चिकटवलं असतं.

मी बाहेर जाऊन बसलो. मला राग होता तो कशाचा होता हे अजूनही पक्कं सांगता येत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की चालत्या वस्तूला हात लावू नये. लोक म्हणतील, म्हातारा आता बैलाची उपमा देणार, पोळा आहे. देणार नाही. बैल बैल आहे, डबा डबा आहे, आणि उपमा देणाऱ्यांनी दोन्ही पाळलेले नसतात.

बैलं आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली उभी होती, सगळं गाव तिकडं, तेवढ्या वेळात तिनं ते काम केलं. जुनी काढली, नवी बसवली. मी खिडकीतून पाहिलं एकदा, काच काळी होती आणि तिचे हात मांडीवर होते. धाकटा पाठीमागं उभा, हाताची घडी घालून, डॉक्टरनं आशा सोडलेल्या पेशंटजवळ सासरचे उभे राहतात तसा. मग काच उजळली. रंग वेगळा होता. तो कोपऱ्यातला चौकोन नव्हता. मी आत गेलो नाही, पण बिडी विझवली.

धाकटा एवढ्यानं थांबणारा नव्हता. "अंगठा लावून दाखवा वहिनी," तो म्हणाला. अंगठ्याची मशीन त्यानं स्वतः जोडली. आणि त्याची शंका खरी निघाली. नव्या सिस्टीमनं ती मशीन ओळखलीच नाही. लाल दिवासुद्धा लागला नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर फ्लेक्सवरच्यापेक्षा जास्त उजेड आला.

नेमकी तेव्हाच पलीकडच्या टोलीवरची म्हातारी आली, काठी टेकत. निराधारची पेन्शन घेणारी. दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, माहा अंगठा त्याच्यात आहे ना? तो काढून दे. उद्या नारबोदसंगं गेला तं मी पेन्शन कायनं घेऊ?"

धाकटा हसायला लागला. सून हसली नाही. तिनं मशीनची वायर कॉम्प्युटरमधून काढली, एक छोटी जोडणी लावली आणि आपल्या मोबाईलला जोडली. दिवा लागला. "या आजी, बसा," म्हणाली. म्हातारीचा अंगठा पुसला, धानाच्या कामानं रेषा झिजलेल्या, दाबून धरला. एकदा नाही झालं. दुसऱ्यांदा अंगठ्यावर फुंकर मारून दाबला, आणि मोबाईल बोलला. पेन्शन आलेली होती. कॉम्प्युटरवरून त्याची पावती छापून दिली.

"निघाला का अंगठा?" म्हातारीनं विचारलं.

"तुमच्याच हाताले आहे आजी. तिथून कुठी जात नाही."

म्हातारीनं अंगठा उलटा सुलटा करून पाहिला आणि पावती कमरेला खोचली. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, "तुहा डबा वाचला म्हनते." मी म्हटलं, त्याला काय झालं होतं. तीच म्हातारी आखराकडं गेली आणि एक मोठं काम करून आली. डबा चांगला आहे हे तिनं पावती दाखवून सांगितल्यावर गावानं मानलं. मी महिनाभर तेच सांगून राहिलो होतो, तेव्हा कोणी मानलं नाही. गावाला खरं कोण बोललं ते चालत नाही, पावती कोणाजवळ आहे ते चालतं.

हे लिहिणंसुद्धा त्याच डब्यावर टाईप होते. मी तोंडानं सांगतो, ती बडवते. माझे शब्द मध्येच सुधरवायला पाहते, मी सुधरवू देत नाही.

जेवताना धाकट्यानं शेवटचा डाव टाकला. पुरणाची पोळी मोडत म्हणाला, "ठीक आहे, डबा चालू द्या कोपऱ्यात. पर बोर्ड तं मी लावतोच उद्या. छपरी वडिलाची आहे, एकट्या वहिनीची नाही." सुनेचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मागणं तिला कधी जमलं नाही. मी जेवताना बोलत नाही, आणि पावसाचे दिवस होते, टेबलाच्या वर छपराचे कवेलू फुटलेले, तिथं टपटप सुरू झालेली. सूनच उठली आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर घमेलं धरायला गेली. रोज पावसात ती तेच करत होती. मी ऐकत होतो पाणी कुठं पडते ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद आमच्या दारात आली. पोट्टे ओरडून राहिले होते, डबा द्या आजोबा, डबा द्या. मी त्यांना पळसाच्या फांद्या दिल्या, झिजलेला झाडू दिला आणि पुढं हाकललं. मग शिडी लावली, तो फ्लेक्स काखेत घेतला आणि वर चढलो. टेबलाच्या नेमका वर अंथरला, छापलेली बाजू खाली, हात जोडलेला धाकटा कवेलूंकडं तोंड करून. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. खाली धाकटा डोळे चोळत अंगणात आला, इकडं तिकडं शोधायला लागला.

"बाबा, माहा बोर्ड कुठी आहे?"

"लावला," मी वरूनच सांगितलं, आणि आणखी एक दगड मागितला. सुनेनं आणून दिला.