कमलआत्याने पाठवलेलं अर्धं चित्र

आमच्या घोडपदेवच्या चाळीत कमलआत्याचा एक प्रश्न सगळ्यांना पाठ आहे. "डोळ्यांनी बघलंस काय?" उद्या पाणी येणार नाही म्हणा, अमक्याच्या पोरीने पळून लग्न केलं म्हणा, आत्या हातातलं काम ठेवून हेच विचारणार. गिरणीत तयार कापड तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली. वरची घडी बघून तिने कधी कापड पास केलं नाही की नाकारलं नाही. अख्खा तागा टेबलावर उलगडायचा, मगच शेरा मारायचा. गिरणी बंद पडली, खोड राहिली. आज सत्तरीतही ती समोर दिसली की भाजीवाला टोपली आपणहून उपडी करतो.

अशा बाईने गेल्या गुरुवारी माती खाल्ली.

चाळीच्या ग्रुपवर तिच्याकडून एक चित्र आलं. देवीचा चेहरा, कपाळावर मळवट, नाकात नथ आणि ओठांत पेटलेली विडी. खाली मजकूर होता की गिरगावच्या प्रदर्शनात देवीची विटंबना, चित्रकाराला परदेशातून पैसा, पोलीस मागावर. त्यावर आत्याची स्वतःची ओळ, "काय ह्ये दिवस इले!" मी ग्रुपचा अ‍ॅडमिन, म्हणजे बिनपगारी रखवालदार. मीही संतापाचा लाल चेहरा टाकून मोकळा झालो. आत्याने पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असणार, असं जो तो धरून चालला आणि पुढे ढकलत गेला.

संध्याकाळी कळलं, चित्र आमच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या मेघनाचं आहे. पोलीस जिच्या मागावर होते ती परदेशी पैशांची चित्रकार तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. पोरीचं हे पहिलंच प्रदर्शन. फोनवर शिव्या सुरू झाल्या. सभागृहवाल्यांनी कळवलं, वातावरण असंच राहिलं तर रविवारी दुपारी चित्र उतरवू. तिचे वडील दीपक, माणूस सरळ पण भित्रा. त्याने माफीनामा लिहून तिच्यापुढे ठेवला.

"सही कर नि विषय संपव."

"पप्पा, तुम्ही चित्र तरी बघितलंत का?" मेघनाने विचारलं.

जिन्यात उभ्या आत्याने हे ऐकलं. तिचा चेहरा पडला. तिचाच प्रश्न होता आणि तो तिला कोणी विचारला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिने माझं दार वाजवलं. "मनू, चपला घाल. गिरगावात जावचा आसा."

चित्र पुरुषभर उंच होतं. आमच्याकडे फिरत होता तो फक्त वरचा तुकडा. खाली देवीने नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, अंगात बनियन, नथीखाली उगवू पाहणारी दाढी. खिळ्याला लांब केसांचा टोप टांगलेला. खाली केसाळ, भेगाळलेले पाय पसरलेले. जत्रेतला दशावतार संपवून पडद्यामागे टेकलेला नट होता तो.

"ह्ये बापयाचे पाय मरे!" पुरुषाचे पाय ओळखून आत्या मोठ्याने हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिचा थोरला भाऊ दत्ताराम गावी याच नाटकांत देवी व्हायचा. खेळ संपला की असाच बसायचा. मला माझीच लाज वाटली. वर्षानुवर्षं जत्रेला जाणारे, लुगड्यातल्या पुरुषापुढे हात जोडणारे आम्ही, आणि आम्हालाच हा ओळखू येऊ नये!

तिने तिथूनच पुरं चित्र ग्रुपवर टाकलं आणि बोलून पाठवलं, "मी कमल बोलतंय. काल धाडलंय ता चित्र अर्धा होता. न बघता धाडलंय, चूक माझी. रविवारी धा वाजता मी परत जातंय. ज्याका बोलूचा आसा, त्याने आधी बघूक येवचा." मग आत्याने आपल्याला ते चित्र पाठवणाऱ्या भाचीला फोन लावला, भाचीने तिला पाठवणाऱ्याला. कुठवर पोचले कोण जाणे. ते अर्धं चित्र अजूनही फिरतंय.

रविवारी मात्र चाळीतली एकवीस माणसं आली. दोघांना चित्र आवडलं नाहीच. विडी नको होती, म्हणाले. पण बघून म्हणाले. सभागृहवाले कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. त्यांनी चित्राला हात लावला नाही.

सर्वांत शेवटी दीपक आला, खिशात माफीनामा घेऊन. आत्या बाजूला झाली. तो बराच वेळ खालच्या भागाकडे बघत राहिला.

"पाय कोणाचे बघून काढलेस?"

"तुमचे. पहिल्या पाळीहून येऊन तुम्ही झोपता ना, तेव्हा."

दीपकने चप्पल काढली. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सगळ्यांदेखत चित्राशेजारी आपला पाय धरला.